दिवा विझला की फ्लॉपी काढायची

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप होतं. पंपाचे भाग बनायचे. तिथं फ्लॉपी काढायचा एकच नियम होता आणि तो कुणी कुणाला मुद्दाम शिकवलेला नव्हता. ड्राइव्हवरचा बारका हिरवा दिवा पेटलेला असेपर्यंत हात लावायचा नाही. दिवा विझला की काढायची, शर्टाच्या खिशात टाकायची आणि मशीनकडं निघायचं.

नियम बरोबर होता. मी बसवलेल्या लिनक्सनं तो खोटा पाडला आणि त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली. ती गेली नाही, मी ती राखली, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणाला ताटकळत ठेवायची मला सवय नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील खर्ड्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर गँगमध्ये होते, उभी उमर डांबराच्या वाफेत गेली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा वडिलांनी विहारात पेढे वाटले. नोकरी लागल्यावर तर जो भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "पोरगी कंपनीत कॉम्प्युटरवर हाय." समोरच्याला कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नसायचं, वडिलांनाही नसायचं, पण दोघंही मान हलवायचे. मी नगरला मावशीकडं राहायचे आणि सकाळच्या एस.टी.नं सुप्याला उतरायचे. अजून कायम केलेलं नव्हतं. वडिलांना 'कायम नाही' म्हणजे काय ते मी सांगितलंच नव्हतं.

काम असं होतं. आमच्या लेथ मशीन प्रोग्रॅमवर चालायच्या. कुठं किती कापायचं, कुठं थांबायचं, सगळं आकड्यांत आणि अक्षरांत लिहिलेलं. ते मी काचेच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवायची. ऑपरेटर यायचा, फ्लॉपी घालायचा, हवा तो प्रोग्रॅम तिच्यावर उतरवून घ्यायचा आणि मशीनला जोडलेल्या, फ्लॉपी वाचणाऱ्या डब्यात नेऊन घालायचा. मशीनवर काही दुरुस्ती केली की तीच फ्लॉपी परत माझ्याकडं. दिवसभर ही ये-जा. फ्लॉपी सगळ्यांच्या खिशांतून फिरलेल्या, तंबाखूच्या पुडीला चिकटलेल्या, शीतक तेलाचे डाग पडलेल्या.

आणि रोगटही. कोण कुठल्या सायबर कॅफेतून, कोण भाच्याच्या क्लासमधून व्हायरस घेऊन यायचा. महिन्याकाठी केबिनचा कॉम्प्युटर एकदा तरी आडवा व्हायचा. मग सगळं पुसा, पुन्हा भरा. एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेची, सीडी फुकट मिळाली होती. तिच्यावर हे फ्लॉपीवरचे रोग चालत नाहीत, एवढं मला वाचून कळलं होतं. मी मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

आमचे मालक मूळचे नगरचेच, स्वतः लेथवर हात काळे करून वर आलेले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"फुकट आहे म्हणता?"

"हो साहेब."

"फुकटातलं महाग पडतं, हा माझा अनुभव. पण व्हायरसनं मी वैतागलोय. करा. एक ध्यानात ठेवा मॅडम, प्रॉडक्शन थांबलं तर तुम्ही मला सांगायला येऊ नका. मीच येईन."

मी बसवलं. व्हायरस गेला, तो गेलाच. पहिला आठवडा मी हवेत होते.

मग लक्षात आलं, की फ्लॉपी घातल्यावर नुसती उघडत नाही. लिनक्सची रीत वेगळी. फ्लॉपी असो की सीडी, आधी ती यंत्रणेला जोडून घ्यावी लागते. त्याला माउंट करणं म्हणतात. काम झालं की जोडणी सोडवायची, म्हणजे अनमाउंट, आणि मगच बाहेर काढायची. वर आणखी असं, की जोडायचा अधिकार फक्त मुख्य वापरकर्त्याला. तो पासवर्ड माझ्याकडं. म्हणजे दर फ्लॉपीला मी उठायचं, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, पुन्हा सोडवायची. डब्यातली भाकरी दोन घास खाऊन तशीच राहायची. पण खरी अडचण संध्याकाळची होती. माझी एस.टी. साडेपाचची आणि सेकंड शिफ्ट रात्रीपर्यंत. मी गेल्यावर फ्लॉपी जोडणार कोण?

सेकंड शिफ्टचा मुख्य ऑपरेटर शिंगणापूरचा होता. त्याला सगळे शिंगणापूरकरच म्हणायचे. आडवा बांधा, आवाज असा की चालू मशीनच्या वरून ऐकू यावा. त्यानं पहिल्याच दिवशी मला गाठलं.

"ताई, आमच्या गावात घराला दार न्हाई, म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे."

"आमी तिथं कडी-कुलपाबिगर झोपतो. आन् हितं तुमच्या एवढ्याशा फ्लॉपीला आत जायला तुमची परवानगी? शनिदेव परवडला की!"

केबिनबाहेरचे हसले. मीही हसले. पण बसमध्ये बसल्यावर ते वाक्य मला टोचत राहिलं, कारण तो बरोबर बोलला होता.

पुस्तक नव्हतंच. जे होतं ते सीडीवरच इंग्रजीत होतं आणि ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. यंत्रणेच्या एका फायलीत प्रत्येक ड्राइव्हची एक ओळ असते. त्या ओळीत दोन शब्द घातले की दोन गोष्टी होतात. चालू होताना फ्लॉपी आपोआप जोडायला जायचं नाही, आणि कुणीही साधा वापरकर्ता हवी तेव्हा ती जोडू शकेल. मी ते दोन शब्द घातले. मग फाइल मॅनेजरच्या पडद्यावर फ्लॉपीचं चित्र ठेवलं. चित्रावर क्लिक केलं की ड्राइव्ह गुरगुरायचा, दिवा लागायचा आणि आतल्या फायली खिडकीत दिसायच्या. ना पासवर्ड, ना काळी खिडकी.

शिंगणापूरकरला बोलावून दाखवलं. त्यानं एक क्लिक केलं, खिडकी उघडली आणि तो माझ्याकडं वळला.

"झालं?"

"झालं. काम संपलं की चित्रावर उजवं बटण दाबायचं, इथं 'अनमाउंट' आहे ते दाबायचं, मग फ्लॉपी काढायची."

"व्हय व्हय," तो म्हणाला आणि दिवा विझल्या विझल्या फ्लॉपी काढून घेऊन गेला.

इथं सगळं बिघडलं.

आधी विंडोज होतं तेव्हा दिवा विझला म्हणजे लिहून झालं. लिनक्स तसं करत नाही. तो लिहायचं ते आधी स्वतःच्या डोक्यात ठेवतो, पडद्यावर 'झालं' म्हणतो आणि सवडीनं फ्लॉपीवर उतरवतो. अनमाउंट म्हटलं की मात्र सगळं उतरवून मोकळा होतो. दिवा दोनदा लागतो, मधे विझतो. आणि आमची माणसं पहिल्या विझण्यालाच फ्लॉपी खेचायची. वर्षानुवर्षांची सवय, बोटांत बसलेली.

हे मला पुढं कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसत होतं, की अधूनमधून एखादा प्रोग्रॅम अर्धाच निघतो. मशीन चांगलं चालत असायचं आणि मधेच लाल दिवा लावून थांबायचं, कारण पुढं काय करायचं ते फ्लॉपीवर नव्हतंच. जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, तसाच मशीनच्या पकडीत, चकमध्ये अडकलेला. शिफ्ट बोंबलायची.

"म्याडम, तुमचा पेंग्विन फ्लॉपी खातो," असं एकानं म्हटलं आणि ते वर्कशॉपभर झालं. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, पडद्यावर ते दिसायचं. चहाच्या टपरीवर मी दिसले की कुणीतरी विचारायचं, "आज जेवला का वो?"

सगळ्यात जास्त चव घेतली ती आमच्या अकौंटंट काकांनी. त्यांचा विंडोजचा कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत, वर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरावर रुमाल. ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मॅडम, जगात शहाणी माणसं विंडोज घेतात. फुकटचं मिळालं म्हणून विष खायचं का?"

दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या सगळ्या मशीनांची पूजा झाली होती, हार, हळद-कुंकू, नारळ. कॉम्प्युटरचीही झाली होती. कुणीतरी भक्तीनं फ्लॉपीच्या फटीलाच कुंकू लावलं होतं. मला वाटलं, सापडलं! मी ड्राइव्ह खोलला. आत खरंच कुंकवाची पूड आणि एक पिवळी अक्षता निघाली. ती मी कागदावर ठेवून सगळ्यांना दाखवली. पुसून, ब्रश मारून, पुन्हा बसवला. दोन दिवस सगळं सुरळीत गेलं. मी छाती काढून फिरत होते.

तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा प्रोग्रॅम. आणि या वेळी त्याहून वाईट झालं. एकानं आपली फ्लॉपी काढली, खिडकी तशीच उघडी ठेवली. दुसऱ्यानं त्याच खिडकीत आपली घातली. यंत्रणेच्या लेखी अजून पहिलीच फ्लॉपी आत होती. तिनं पहिल्या फ्लॉपीच्या नावांची यादी दुसऱ्या फ्लॉपीवर लिहून टाकली. मशीनवर गेल्यावर नाव एका भागाचं आणि आत तुकडे दुसऱ्याच भागाचे. शिंगणापूरकरनं सुरू करायच्या आधी आकडे वाचले म्हणून टूल आणि चक वाचला. हा घोळ उलगडताना मला मूळ कारण सापडलं, फ्लॉपी न सोडवताच निघत होत्या.

साहेब म्हणाले होते तसे तेच आले. केबिनचं दार त्यांनी लावून घेतलं.

"गुरुवारी पुण्याच्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. त्यांना बघायचंय, की नवीन ड्रॉइंग आलं की सगळ्या शिफ्टमध्ये बरोबर प्रोग्रॅम मशीनवर जातो का. मोठं काम आहे. त्यांच्यासमोर मशीन अर्ध्यात थांबलं तर ते काम गेलं."

"हो साहेब."

"बुधवार संध्याकाळपर्यंत हे नीट झालं तर ठीक. नाहीतर बुधवारी संध्याकाळी जुनं घाला. आणि मग कॉम्प्युटरला वेगळं माणूस ठेवायचं का, तेही मला बघावं लागेल. मी गोड बोलत नाही, तुम्हाला माहिती आहे."

"साहेब, चूक लिनक्सची नाही. ते लोक अनमाउंट न करता काढतात."

"मग सूचना लिहून लावा."

मी लावली. मोठ्या अक्षरात, लाल पेननं, ड्राइव्हच्या वर. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणीतरी पेंग्विनचं चित्र काढलं होतं, तोंडात फ्लॉपी. चित्र चांगलं होतं. सूचना कुणी पाळली नव्हती.

मी शिंगणापूरकरला बाजूला घेतलं. "तुम्ही तरी करा हो. दोन क्लिकचं काम आहे."

तो चिडला नाही, उलट समजावणीच्या सुरात आला. "ताई, हाताला तेल, मागं मशीन बोंबलतीया, त्यात दिवा विझलेला दिसतो. हात आपोआप जातो वो. मी ठरवून यतो, की आज दाबायचं. आन् मशीनवर गेल्यावर ध्यानात यतं, राहिलं."

संध्याकाळी नगरच्या स्टँडवर उतरले. पाणी प्यायला नळाशी गेले. दाबून धरायचा नळ होता तो, वरची मूठ दाबली की पाणी, हात काढला की क्षणभरात बंद. लोक पाणी पिऊन तसेच गाडीला पळत होते. नळ बंद करायची आठवण कुणाला ठेवावी लागत नव्हती. नळ ठेवत होता.

मला तिथंच हसू आलं. मी इतके दिवस माणसांच्या मागं लागले होते. नळाच्या मागं लागायला हवं होतं.

असं काही लिनक्समध्ये असणार, हे मला जवळजवळ ठाऊकच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीडीवरचे सगळे लेख धुंडाळले आणि मिळालं. ऑटोमाउंट. एक फोल्डर असा असतो, जो एरवी रिकामा. त्यात फ्लॉपी नसते, काही नसते. कुणी त्यात डोकावलं, की यंत्रणा त्या क्षणी फ्लॉपी जोडते. आणि ठरवून दिलेला वेळ कुणी हात लावला नाही, की स्वतःच सोडवते. ना आधी विचारायचं, ना नंतर सांगायचं. लेखात तो वेळ बराच लांब दिला होता. मी तो जितका आखूड होईल तितका केला. शिवाय जोडणीच्या ओळीत एक शब्द घातला, की लिहायचं ते डोक्यात साठवू नकोस, लगेच फ्लॉपीवर उतरव. त्यानं काम हळू होतं. आमचे प्रोग्रॅम बारके, आम्हाला हळू चालत होतं.

म्हणजे दिवा पुन्हा खरं बोलायला लागला. विझला म्हणजे लिहून झालं.

मी खुशीत फाइल मॅनेजर उघडला, चित्र त्या नव्या फोल्डरला जोडलं, क्लिक केलं. खिडकी उघडली. वाट बघत बसले, की आता जोडणी सुटेल. सुटेना. चहा आला, चहा संपला, सुटेना. दिवा मधूनच लुकलुकायचा.

मंगळवार होता. डोकं तापलं. काय होत असेल? खिडकी बंद केली आणि बघते तर जोडणी सुटली. उघडली, पुन्हा सुटेना. मग समजलं. खिडकी उघडी असेपर्यंत फाइल मॅनेजर मधूनमधून आत डोकावून बघत होता, काही बदललं का. तो डोकावला की यंत्रणा म्हणायची, अजून कुणीतरी वापरतंय. वेळ पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडं खिडकी बंद कोण करतो? कुणीच नाही. खिडकी बंद करा असं सांगणं म्हणजे दुसरी सूचना, दुसरा पेंग्विन.

अकौंटंट काका दारात उभे राहिले. "उद्या बुधवार," म्हणाले.

"मला वार माहीत आहेत, काका."

"सीडी काढून ठेवू का विंडोजची? कपाटात वरच आहे."

"ठेवा. धूळ पुसून ठेवा," मी म्हटलं, आणि पाठ फिरवली. राग आला होता, पण रागानं डोकं चांगलं चालतं असा माझा अनुभव आहे.

खिडकी फ्लॉपीची नसलीच तर? एवढाच प्रश्न होता, आणि एकदा विचारला की उत्तर समोर होतं. चित्रावर क्लिक केलं की खिडकी उघडायच्या आधी चार ओळींची एक छोटी आज्ञावली चालेल. ती फ्लॉपीत जाईल, आतलं सगळं हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरात उतरवून घेईल आणि खिडकी त्या फोल्डरची उघडेल. फाइल मॅनेजरला हवं तितकं डोकावू दे, तो फ्लॉपीला शिवणारच नाही. आणि न्यायचा प्रोग्रॅम असेल तर तो उचलून फ्लॉपीच्या चित्रावर सोडायचा. तो सरळ फ्लॉपीवर जाईल, लगेच लिहिला जाईल, दिवा विझेल, जोडणी सुटेल. माणसानं करायचं काय? फ्लॉपी घालायची, फाइल चित्रावर सोडायची, दिवा विझला की काढायची. म्हणजे तो जे आधीपासून करत होता तेच.

मी लिहिलं. पहिल्यांदा चाललं नाही, एका ठिकाणी फोल्डरचा पत्ता चुकीचा लिहिला होता. दुसऱ्यांदा चाललं. मग मी मुद्दाम वाईट वागायला लागले. दिवा विझल्या विझल्या खेचली. खिडकी उघडी ठेवून दुसरी घातली. तिसरी घातली. एका फ्लॉपीवर लिहिलं, दुसरीवरून वाचलं, उलटं केलं. प्रत्येक वेळी मशीनच्या डब्यात घालून बघितलं. एकही अक्षर गळलं नाही.

बुधवारी सेकंड शिफ्ट आली तेव्हा मी शिंगणापूरकरला बोलावलं.

"काय दाबू आता?" तो दमल्यासारखा म्हणाला.

"काही नाही. पूर्वी करत होता तसं करा."

"पूर्वी म्हंजी?"

"पेंग्विन यायच्या आधी."

त्यानं संशयानं माझ्याकडं बघितलं. फाइल उचलून चित्रावर सोडली. दिवा लागला, गुरगुर झाली, दिवा विझला. त्याचा हात पुढं गेला आणि तसाच थांबला. इतके दिवस ओरडा खाल्लेला हात होता तो.

"काढा," मी म्हटलं.

"आन् ते अनमाऊंट?"

"ते तो स्वतः करतो आता."

त्यानं फ्लॉपी काढली. उलटी करून बघितली, जशी काही खालून कुणी कुरतडली असेल. मशीनकडं गेला. मी मागोमाग. प्रोग्रॅम आला, अख्खा, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानं मशीन सुरू केलं. जॉब निघाला. त्यानं तो पुसून मापला आणि पलीकडच्याला ओरडून सांगितलं, "अय, पेंग्विनला ताईनं वळण लावलं रं!"

मी साहेबांकडं गेले. "जुनं घालायची गरज नाही," एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "खात्री?" मी म्हटलं, "उद्या ऑडिटर साहेबांनाच काढू दे फ्लॉपी." बोलून गेले, पण शब्द मागं घेतले नाहीत. साडेपाचच्या गाडीला मी त्या दिवशी वेळेवर गेले. मागं कुणी पळत आलं नाही.

गुरुवारी ऑडिटर आले. तरुण, पांढरा शर्ट, पट्ट्याला पेजर. त्यांनी सगळं बघितलं, मापं घेतली, मग केबिनमध्ये आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "हे विंडोज नाहीये."

"नाही सर, लिनक्स."

"इथं? सुप्यात?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "आमच्याकडं पुण्यात एकच जण वापरतो, तो पण घरी."

"आम्ही कामावर वापरतो," मी म्हटलं.

साहेब मागं उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

ऑडिटरांनी खिशातून स्वतःची फ्लॉपी काढली. "यात सुधारलेल्या ड्रॉइंगचा प्रोग्रॅम आहे. हा तुमच्या ऑपरेटरनं घ्यायचा, आमच्या पद्धतीनं नाव बदलायचं आणि मशीनवर चालवून दाखवायचा. तुम्ही बाजूला उभ्या राहा. मदत नको."

शिंगणापूरकर त्या दिवशी मुद्दाम पहिल्या शिफ्टला आला होता. बसला, त्यांची फ्लॉपी घातली, चित्रावर क्लिक केलं. खिडकी उघडली. आणि ऑडिटरांनी, दिवा विझलेला दिसताच, हात घालून आपली फ्लॉपी काढून घेतली. खिडकी उघडीच.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही, मी पडद्याकडं बघत होते. शिंगणापूरकरनं वर्कशॉपची फ्लॉपी घातली, फाइलचं नाव बदललं, चित्रावर सोडली. दिवा लागला. विझला. काढली.

मशीनवर प्रोग्रॅम पूर्ण आला. ऑडिटरांनी स्वतः एकेक ओळ आपल्या कागदाशी ताडून बघितली. पहिला जॉब निघाला, मापात. दुसरा निघाला, मापात. ते म्हणाले, "पुन्हा एकदा, थर्ड शिफ्टच्या कुणाकडून तरी." थर्ड शिफ्टचा एकजण पगाराच्या कामासाठी आलेला होता, त्याला हाक मारली. त्याला मी काहीच शिकवलेलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. त्यानं फ्लॉपी घातली, फाइल चित्रावर सोडली, दिवा विझला, फ्लॉपी काढली. न शिकवता आलं, कारण शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि बघणाऱ्याला त्यात काम दिसतच नव्हतं.

"छान," ऑडिटर म्हणाले. "हे बसवलं कुणी? पुण्याहून कुणी आलं होतं?"

साहेब म्हणाले, "नाही, नाही. आमच्या मॅडमनी केलंय. घरच्याच आहेत." आणि मग माझ्याकडं न बघताच पुढं म्हणाले, "कायम आहेत आमच्याकडं."

हे मला तिथंच, लेथच्या आवाजात कळलं. पत्र नंतर आलं. वडिलांना सांगायला मी त्या शनिवारी गावी गेले तेव्हा ते म्हणाले, "मंजी आधी कायम नव्हतीस व्हय?" मी म्हटलं, "आता आहे ना!" त्यांनी आधी मला रागावून घेतलं आणि मग शेजारी सांगायला गेले.

पण गुरुवारची गोष्ट संपायची आहे. ऑडिटरांना जाता जाता आपल्या अहवालाचा एक कागद छापून हवा होता. प्रिंटर अकौंटंट काकांच्या कॉम्प्युटरला होता. काकांनी रुमाल काढला, कव्हर काढलं, मोठ्या अदबीनं खुर्ची पुढं केली आणि ऑडिटरांची तीच फ्लॉपी आपल्या ड्राइव्हमध्ये घातली. कागद छापून निघाला. ऑडिटर चहा पिऊन पुण्याच्या रस्त्याला लागले. शुक्रवारी सकाळी काकांचा कॉम्प्युटर चालूच होईना. काळा पडदा, वर एक निरर्थक ओळ. त्या फ्लॉपीवर व्हायरस होता. माझ्याकडं ती आदल्या दिवशीच उघडली होती आणि तिचं काहीही चाललं नव्हतं.

मी डबा उघडून बसले होते. आता दुपारी भाकरी अख्खी खाऊन व्हायची. काका केबिनच्या दारात आले. चष्मा हातात.

"मॅडम, जेवताय?"

"बसा ना काका."

बसले नाहीत. पेंग्विनच्या चित्राकडं बोट केलं, ती सूचना मी अजून काढली नव्हती.

"ते तुमचं... आमच्या खोलीत कधी घालताय?"

मी घास गिळला, हात पुसले.

"सीडी तुमच्या कपाटात विंडोजची आहे, काका. माझी इथं आहे. चला, आत्ताच घालू."